बसणारा चेंडू

थोरल्याला चेंडूचा राग होता. माणसाला माणसाचा राग येतो, शेजाऱ्याच्या कुत्र्याचा येतो, गेला बाजार फुगून घट्ट झालेल्या दाराचा येतो. पण मुठीत मावणाऱ्या लाकडी चेंडूचा? होता खरा. आणि थोडाथोडका नव्हे, पोटभर होता.

दोघं भाऊ सुतार. कारखाना वडिलांचा. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, दोन दरवाजे आणि खिडकी मात्र एकच. त्या खोलीत लहान मुलांना शिकवायचे लाकडी आकार तयार व्हायचे. एका पेटीत एक संच. तळाला चपटे आकार: चौरस, आयत, त्रिकोण, वर्तुळ. त्यांच्यावर भरीव आकार: ठोकळा, वीट, नळकांडं, शंकू, टोकदार सूची आणि चेंडू. बाजूच्या कप्प्यात अर्धं पान, अर्धं फुलपाखरू आणि एक छोटासा आरसा. अर्धं पान आरशाला टेकवलं की आरशातला अर्धा भाग येऊन मिळायचा आणि पान पुरं व्हायचं. मुलं त्यावर जाम खूश.

यातलं जे जे सरळ, कोपऱ्याचं, कडांचं, ते थोरल्याच्या हातचं. करवत, रंधा आणि कोन तपासायचा गुण्या, एवढी त्याची दुनिया. जे जे वळणाचं, ते धाकट्याचं. तो लेथवर उभा राहायचा. लाकूड गरगर फिरतंय, हा नुसती पटाशी टेकवतोय, कीस उडतोय, आणि बघता बघता ओबडधोबड ओंडक्यातून चेंडू बाहेर येतोय. रस्त्यानं जाणारे लोकसुद्धा खिडकीशी थांबून बघायचे. रंधा मारताना बघायला कोण थांबतंय? थोरल्यानं जन्मभर रंधा मारला, एक मांजर थांबलं नाही.

आणि ती खिडकी! ती लेथच्या बाजूला. बाबा म्हणायचे, लेथला उजेड लागतो. का, गुण्याला लागत नाही? ती खोली कागदासारखी मधोमध दुमडली असती तर दोन्ही अर्ध्या भागांचा मेळ कुठंच बसला नसता, हे थोरल्यानं मनातल्या मनात शंभरदा पडताळलं होतं. तिकडे खिडकी, इकडे भिंत. तिकडे खुंटीला पंचा, इकडे खुंटीच नाही. चहा आला की कपांची थाळी आधी तिकडे. का? तर दार तिकडून जवळ. सगळ्याला काहीतरी कारण असायचंच. असल्या कारणांनीच थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण खरं दुखणं होतं ते छापेचं.

बाबांकडे एक लोखंडी छाप होती, नाण्याएवढी, लांब दांड्याची. वर्तुळात चौकोन, एवढंच तिच्यावर. ती तापवायची आणि लाकडावर टेकवायची. चर्र आवाज, जरासा धूर, आणि काळी खूण कायमची. पण कारखान्याची रीत अशी, की एका संचात एकाच नगावर छाप. बाकीचे सगळे नग कोरे. तो एक नग कुठला, ते बाबांनी ठरवायचं. बाबांची नजर अधू झाली होती. त्यामुळे ते संच मांडीवर घ्यायचे, डोळे मिटायचे आणि एकेक नग हाताळायचे. ठोकळा आला, एका कडेवरून अंगठा फिरवला न फिरवला, गेला पेटीत. वीट, गेली पेटीत. सूची, गेली. आणि चेंडू आला की बाबा थांबायचे. दोन्ही तळव्यांत घेऊन फिरवत राहायचे, इकडून फिरव, तिकडून फिरव, गालाला लावून फिरव. जसं काही नातवंडच! थोरल्याला ते बघवायचं नाही. मग छाप कशावर? चेंडूवर. दरवेळी चेंडूवर.

बरं, सपाट छाप गोल चेंडूवर उमटणार तरी कशी? टेकते ती एका ठिपक्यापुरती. बाबा ती डोलवून डोलवून टेकवायचे, तरी कधी चौकोनाचा एक कोपरा यायचा, कधी वर्तुळाची एक फाक, कधी नुसता डाग. इकडे ठोकळ्याला सगळीकडून सपाट अंगं. कुठंही टेकवा, अख्खी छाप येणार.

"सहा तोंडं आहेत माझ्या ठोकळ्याला," थोरला घरी बायकोजवळ करवादायचा. "सहातल्या एकाकडे तरी बघावं माणसानं!"

"अहो, मग बाबांना सांगा की तसं," बायको म्हणायची. "मला सांगून काय उपयोग? मी मारू का छाप तुमच्या ठोकळ्यावर?"

"तुला सगळ्याची चेष्टाच सुचते."

"चेष्टा नाही करत. बोलायचं तिथं तुमची दातखीळ बसते आणि इथं जेवताना माझं डोकं खाता."

खरंच होतं ते. बाबांसमोर उभा राहिला की थोरल्याच्या तोंडून 'हो' आणि 'बरं' याच्यापलीकडे शब्द फुटायचा नाही. हे सगळं आतल्या आत शिजत असताना बालवाडीच्या बाई कारखान्यात आल्या.

बाई मोठ्या लगबगीच्या. त्यांच्या संस्थेच्या बऱ्याच बालवाड्या होत्या आणि सगळ्यांना नवे संच हवे होते. पण आधी नमुना बघायचा होता, आणि तो बघायला त्या एकट्या आल्या नव्हत्या. चिल्लीपिल्लीही आणली होती. पोरं भुशात लोळली, पाय पसरून बसली, आणि बाईंनी एका कापडी पिशवीत सगळे भरीव आकार टाकले.

"डोळे मिटून हात घालायचा," बाई म्हणाल्या. "हाताला काय लागतंय ते सांगायचं. कोपरे आहेत का? कडा आहेत का? की सगळीकडून गुळगुळीत? घरंगळेल की घसरेल?"

थोरला रंधा थांबवून बघत उभा राहिला. एका पोरीनं हात घातला. ठोकळा हाताला लागला असणार, तिनं तो सोडून दिला. वीट लागली, सोडली. कोपर आत जाईपर्यंत चाचपलं आणि चेंडू वर काढला. "चेंडू! घरंगळतो!" दुसऱ्यानं हात घातला, चेंडू. तिसऱ्यानं, चेंडू. कोपऱ्यात बसलेल्या एका लहानगीनं मात्र पिशवीत हातच घातला नाही. तिचे हात सारखे थरथरत. चेंडू तिच्याकडे लोटला की तिच्या बोटांना लागून निसटायचा, पळायचा, आणि बाकीची पोरं खिदळायची. शेवटी ती हात मांडीखाली घेऊन बसली. थोरल्यानं हे पाहिलं, पण त्याचं लक्ष भलतीकडेच होतं.

कारण पोरांनी तोवर दोघांचं बारसं करून टाकलं होतं. धाकटा झाला चेंडूकाका. "चेंडूकाका, मला पण! चेंडूकाका, ते मशीन फिरवा ना!" आणि थोरला? जाताना एका पोरीनं त्याला हात करून टाटा केला.

"टाटा, ठोकळाकाका!"

धाकटा हसला. बाई हसल्या. बाबासुद्धा, जे वर्षातून एकदा हसायचे, ते गालातल्या गालात हसले. थोरल्यानं हसल्यासारखं तोंड केलं आणि आत जाऊन एका चांगल्या फळीचे उगाचच दोन तुकडे करून ठेवले. ठोकळा! हे काय नाव झालं, म्हणे ठोकळा. मुलांना कळत नाही हे खरं, पण हसणारे काही मुलं नव्हते.

त्याच दुपारी बाबांनी दोघांना बोलावलं.

"हात चालेनात आता," बाबा म्हणाले. "छाप तापवायची, टेकवायची, माझ्यानं होत नाही. हा संच बालवाडीच्या बाई काही दिवस वापरून बघणार आहेत. परत आला की त्यावर मी शेवटची छाप मारीन. ज्याच्या नगावर पडेल, छाप त्याची. पुढचं त्यानं बघायचं."

धाकटा म्हणाला, "बाबा, असं कशाला? तुम्ही आहात तोवर..." आणि थोरला म्हणाला, "बरं."

पण आत काय चाललं होतं ते आपण सांगू. ज्याच्या नगावर! म्हणजे चेंडूवर. म्हणजे धाकट्याकडे. म्हणजे खिडकी त्याची, पंचा त्याचा, चहा त्याचा, पोरं त्याची, बाबांचे गाल त्याच्या चेंडूचे, आणि आता कारखान्याची खूणही त्याची. थोरल्यानं कोवळ्या वयापासून ह्या खोलीत घाम गाळला, धाकटा गल्लीत भोवरा फिरवत होता तेव्हापासून! भोवराच फिरवत होता, अजूनही तेच करतोय. थोरल्याला संध्याकाळपर्यंत धड पाणीसुद्धा गोड लागलं नाही.

संध्याकाळी बाबा लवकर घरी गेले. धाकटा लेथचा तुटलेला पट्टा घेऊन बाजारात गेला. संचाची पेटी फळीवर तयार होती, सकाळी बालवाडीत जायची. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, तेही लेथवरच पडलं होतं. थोरल्यानं पेटी उघडली. चेंडू बाहेर काढला. धड पाहिलाही नाही त्याच्याकडे. जणू डोळ्याला डोळा भिडवला असता तर जमलं नसतं. रंधा उलटा केला, पातं वर करून शिकंज्यात आवळला, आणि चेंडू मुठीत धरून त्याच्यावरून ओढला.

कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक ढलपी निघाली. त्यानं परत ओढला. परत. नाण्याएवढी सपाट जागा झाली. शेवटच्या ओढीला बोटाचं टोकही पात्याला लागलं, रक्त आलं, ते त्यानं तोंडात धरलं. झालं! आता घरंगळ म्हणावं. आता हा बालवाडीत जाऊन लंगडणार, बाई नाक मुरडणार, बाबा गालाला लावतील तेव्हा त्यांना कळणार की त्यांचा लाडका किती गोल आहे ते. छाप काही ह्याच्यावर पडत नाही.

आणि इथं एक गंमत झाली. त्यानं त्या सपाट जागेवरून बोट फिरवलं. भोवतीची कड धारदार लागली. लहान मुलाच्या हाताला बोचेल अशी. आता दुष्टावा करायला बसलेल्या माणसानं कडेकडे कशाला बघावं? पण हाताची सवय मनाचं ऐकत नाही. त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि ती कड अशी मऊ केली, की बोटाला कळूसुद्धा नये. मग चेंडू पेटीत ठेवला, सपाट बाजू खाली. बाक पुसला, रंधा जागेवर ठेवला आणि घरी गेला.

"बोटाला काय झालं?" बायकोनं विचारलं.

"करवत लागली."

"करवत? तुम्हाला?" बायको म्हणाली, आणि चिंधी बांधत असताना तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

सकाळी धाकट्यानं नेहमीसारखी खोली झाडली. थोरल्याच्या बाकाखाली झाडता झाडता तो वाकला, काहीतरी उचललं, आणि बराच वेळ तसाच वाकलेला राहिला. मग उठला, पेटी काखोटीला मारली आणि बालवाडीत देऊन आला. दिवसभर एक शब्द बोलला नाही. थोरल्यानं स्वतःची समजूत घातली की पट्टा महाग पडला असेल.

पुढचे दिवस त्याला मोठे विचित्र गेले. कधी वाटायचं, बरी खोड मोडली. कधी झोपेतून उठून वाटायचं, धावत जावं आणि पेटी परत आणावी. दारात कुणाची सावली पडली की तो दचकायचा, आणि दुसरंच कुणी निघालं की हिरमुसायचा. हेवा करणाऱ्या माणसाला सुट्टी म्हणून नसते. धाकटा लेथवर पाठ करून उभा असायचा, आणि ती पाठही थोरल्याला आपल्यापेक्षा ताठ वाटायची.

मग एका दुपारी बाई आल्या. एकट्याच, पेटी दोन्ही हातांत धरून, धापा टाकत.

"कुठं आहेत चेंडूकाका?" त्या दारातूनच म्हणाल्या. "मला त्यांच्याशी बोलायचंय."

थोरल्यानं मान खाली घातली. आली वेळ. त्याला धीर धरवेना. बाबा स्टुलावर बसले होते, त्यांनी कान टवकारले.

बाईंनी पेटी उघडली, ठोकळा बाकावर ठेवला, आणि त्याच्यावर चेंडू ठेवला. चेंडू बसला. हलला नाही, पडला नाही, ठोकळ्याच्या डोक्यावर ऐटीत बसून राहिला.

"हे!" बाई म्हणाल्या. "अहो, हे सुचलं कुणाला? इतकी वर्षं मी आकार शिकवतेय, इतके संच आले आणि गेले, पण बसणारा चेंडू मी पहिल्यांदा पाहिला. आमची ती लहानगी आहे ना, हात थरथरतात ती? तिनं आजवर चेंडूला हात लावला नव्हता. पळायचा ना तो तिच्यापासून. हा पळेना. बसून राहिला. तिनं भीत भीत बोट लावलं, हा जरा डुलला आणि परत बसला. तिनं दोन्ही हातांनी उचलला, ठोकळ्यावर ठेवला. तिनं मनोरा केला हो! दिवसभर कुणाला हात लावू देईना. मग तिनंच सगळ्यांना सांगितलं, हा घरंगळतो पण आणि बसतो पण, मजा आहे." बाईंनी चेंडू उलटा केला. "आणि बघा, कड कशी मऊ केलीय. पोरांच्या बोटांना लागू नये म्हणून. एवढा विचार कोण करतं? मला सगळ्या संचांत अस्साच चेंडू हवा. चेंडूकाका, तुमचे कसे आभार मानू?"

बघा काय खेळ झाला! थोरल्यानंच केलं, आणि माळ धाकट्याच्या गळ्यात. तोंड उघडावं तर आपणच आपली चोरी सांगणार. मिटून घ्यावं तर हा चेंडू, हा मेला चेंडू, त्याच्याच सपाटीमुळं अजून मोठा होणार. त्यानं वर पाहिलं. धाकटा त्याच्याकडेच बघत होता.

"बाई," धाकटा म्हणाला, "माझा चेंडू असा नव्हता. माझा पूर्ण गोल होता."

बाई एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागल्या.

"आणा इकडे," बाबा म्हणाले.

बाईंनी चेंडू त्यांच्या हातात दिला. बाबांनी डोळे मिटले. तळव्यांत फिरवला, अंगठा सपाट जागेवर थांबला. मग कडेवरून हळूहळू फिरला, पूर्ण गोल.

"रंधा," बाबा म्हणाले. "उलटा धरून ओढलाय. आणि कड मारलीय ती थोरल्यानं. अशी कड दुसरं कुणी मारत नाही."

थोरल्याच्या कानात दडे बसले. बाबांना त्याची कड ओळखू येते? कधीपासून? एका अंगठ्यात पेटीत टाकणाऱ्या बाबांना?

"म्हणजे दोघांनी मिळून केलं!" बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "मग तर छानच."

बाबा म्हणाले, "छाप तापव." धाकट्यानं छाप तापवून आणून दिली. बाबांनी चेंडू बाकावर उलटा धरला, सपाट जागा वर, आणि छाप टेकवली. चर्र आवाज झाला. धूर विरला, आणि चेंडूवर आयुष्यात पहिल्यांदा अख्खी छाप उमटली होती. वर्तुळ पुरं, चौकोन पुरा. बाबांनी निवू दिली आणि बोटानं चाचपली.

"रंध्याच्या जागेवर पडली," ते म्हणाले. "थोरल्या, हात पुढे कर."

त्यांनी छापेचा दांडा थोरल्याच्या हातात दिला, आणि हात सोडला नाही. त्यांचा अंगठा थोरल्याच्या बोटावरच्या खपलीवर येऊन थांबला.

"गोल वस्तू रंध्यावर एकट्यानं धरू नये," बाबा हळूच म्हणाले. "बोट जातं. पुढच्या वेळी भावाला धरायला सांग."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. थोरल्याला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. लाजेनं कानशिलं पेटली. आणि खोटं कशाला बोला, त्या लाजेच्या तळाशी आनंदही होता: छाप त्याच्या हातात होती, अजून कोमट.

बाई गेल्या. बाबा काठी टेकत बाहेर उन्हात जाऊन बसले. दोघं भाऊ उरले. थोरला छाप हातात घेऊन उभा होता.

"तुला कधी कळलं?" शेवटी त्यानं विचारलं.

धाकट्यानं खिशातून ढलपी काढून बाकावर टाकली. वाळून वेटोळं झालेली. "त्याच सकाळी. माझ्या चेंडूचं लाकूड मी ओळखत नाही होय?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? बाबा, दादानं माझा चेंडू बिघडवला? कुक्कुलं बाळ आहे का मी?" धाकट्याचा आवाज चढला. आजवर तो दादासमोर कधी चढला नव्हता. "म्हटलं, जाऊ दे. बाबांच्या हातात गेला की म्हणतील, धाकट्याचा हात बिघडला. त्याचीच तर वाट बघत असतात."

"कोण? बाबा? अरे, गालाला लावतात ते तुझा चेंडू!"

"उंचवटा शोधायला लावतात!" धाकटा ओरडला. "हाताला कळला नाही तर गालाला कळेल म्हणून! इतकी वर्षं, दादा, माझा एक चेंडू त्यांनी तपासल्याशिवाय सोडलेला नाही. आणि तुझा ठोकळा? एक अंगठा, की पेटीत. का? तर थोरल्याचा आहे, त्याला काय बघायचं. छाप कशाला मारतात माहितीये का तुला? हा तपासून घेतलाय, एवढंच तिचं म्हणणं. तुझ्या कामाला कधी लागलीच नाही ती. मला एकदा, एकदा वाटत होतं, माझा चेंडू असा न बघता पेटीत टाकतील. तुझा हेवा करून करून रक्त आटलं माझं, आणि तू... तू रंधा मारतोस माझ्यावर!"

थोरला बघतच राहिला. खिडकी तिथंच होती, पंचा खुंटीला होता, धाकट्याची पाठही तीच. पण इतकी वर्षं पलीकडून त्याच्याकडेही कुणी असंच डोळे लावून बसलं होतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. हातातली छाप एकाएकी जड झाली. हिच्यासाठी त्यानं जन्म जाळला, आणि हिच्यापेक्षा मोठी गोष्ट त्याला रोज, न मागता, पेटीत टाकून मिळत होती.

धाकट्यानं डोळे पुसले, पाठ फिरवली आणि लेथ सुरू केला. बाईंना संच द्यायचे होते, काम कुणासाठी थांबत नव्हतं. लाकूड गरगर फिरलं, कीस उडाला. थोरला खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि ओंडक्याचा चेंडू होताना बघत राहिला. इतक्या वर्षांत तो तिथं उभा राहिला नव्हता.

लेथ थांबला. धाकट्यानं चेंडू काढून त्याच्यापुढे धरला, तोंडाकडे न बघता.

थोरल्यानं छाप बाकावर ठेवली. चेंडू घेतला, दोन्ही तळव्यांत धरला, डोळे मिटले. इकडून फिरवला, तिकडून फिरवला, अंगठ्यानं चाचपला, आणि शेवटी बाबांसारखा गालाला लावला.

"नाही सापडत," तो म्हणाला.

"काय?"

"खोट."

धाकट्यानं रंधा उचलला, उलटा केला, शिकंज्यात आवळला. मग थोरल्याच्या हातातून चेंडू घेतला आणि दोन्ही हातांनी पात्यावर घट्ट धरला.

"ये," तो म्हणाला. "बिघडव आता."

थोरल्यानं त्याच्या हातांवर आपले हात ठेवले. दोघांनी मिळून चेंडू ओढला, पण पहिली ढलपी काही नीट निघाली नाही.